चार सुपाऱ्यांचं चक्र

उमापूर, ता. गेवराई
गुरुवार, सकाळी

चि. मोहन यास आक्काचे आशीर्वाद.

पाकिटावर ‘श्रीयुत मोहनराव’ असंच लिहिलं आहे. पालीच्या माजी सरपंचाचा मान उघड्यावर कमी होऊ नये म्हणून. आत मात्र तू मोहनच आहेस, आणि मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. तुझी तब्येत कशी आहे? रक्तातली साखर किती निघाली ते कळव. ‘बरी आहे’ असं कळवू नकोस, आकडा कळव. वहिनींचा गुडघा कसा आहे? माझा रक्तदाब ठीक असून दात आता मोजके राहिले आहेत, पण जे आहेत ते कामाचे आहेत.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतोस आणि तिसऱ्या ‘हं’ला कुणीतरी भेटायला आलेलं असतं. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही. शेवटपर्यंत वाच. ताजा कलमही वाच.

विषय तुझ्या लेकीचा आहे. स्वप्नाली अंबाजोगाईच्या कॉलेजात डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्रात नापास झाली, त्याला आता महिना झाला. त्या महिन्यात तू तिच्याशी एक शब्द बोललेला नाहीस. ती पालीला आली की तू शेतात जातोस आणि शेतात आली की मारुतीला जातोस. मला सगळं कळतं, वहिनी मला फोन करतात. तुझी अडचणही मला कळते. ज्या माणसाने लेकीला प्रवेश मिळाल्याबरोबर फाट्यावर ‘भावी डॉक्टर’ म्हणून दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावला (त्यात तिचा फोटो पासपोर्टाएवढा आणि तुझा नेहरू शर्टातला, दारातून न मावणारा), त्याला आता त्या फाट्यावरून जाणं जड जात असणार. पण फ्लेक्स तू लावलास, तिने नाही.

तर मागच्या शुक्रवारी ती बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. ‘आत्या, मी परत जाणार नाही, पुरवणी परीक्षा देणार नाही, माझं डोकंच त्या कामाचं नाही,’ एवढं बोलून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. परीक्षा येत्या सोमवारी. तीन दिवस मी वाट पाहिली. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला तीन दिवस म्हणजे फार झाले. चौथ्या दिवशी मी तिचं पुस्तक काढून बसले. तिची गाडी सायट्रिक आम्लचक्रावर अडली होती. आठ पदार्थांची नावं तिला उलटसुलट पाठ होती, पण ते आठ जण एकमेकांना काय देतात आणि कशासाठी, हे विचारलं की ती पुन्हा नावंच म्हणून दाखवायची. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले ते अंबाजोगाईला, आणि त्या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली आहेत. पण लिंबाच्या आंबटपणातलं आम्ल काही तेव्हापासून बदललेलं नाही.

दुपारी माझ्या ओसरीवर वाती वळायला बायका जमतात, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी सात होत्या, आठवी मी. चक्राच्या पायऱ्याही आठ. मी सगळ्यांना गोल बसवलं आणि पितळी ताटात चार सुपाऱ्या ठेवल्या. नीट समजून घे, तुलाही उपयोग होईल. सुपारी म्हणजे कार्बन. आपण भाकरी खातो, वरण खातो, तूप खातो. पेशीत त्याची मोडतोड होऊन शेवटी दोन-दोन कार्बनचे तुकडे उरतात. हे तुकडे चक्राच्या दाराशी येतात. पहिलीने ताटातल्या चारांत ते दोन मिळवले की सहा होतात, तेच सायट्रिक आम्ल. दुसरीने ते सहा फक्त नीट मांडायचे. तिसरीने एक सुपारी अंगणात टाकायची, चौथीने आणखी एक. हा झाला कर्बवायू, जो आपण श्वासावाटे बाहेर सोडतो. उरले चार. पुढच्या चौघींनी त्यांची मांडणी बदलत बदलत ताट पुन्हा पहिलीकडे होतं तसं पोचवायचं. या फेरीत ठरलेल्या जागी तीन लांब वाती आणि एक फुलवात डब्यात पडते आणि एके ठिकाणी काडी तिथल्या तिथे पेटते. वात म्हणजे उजेड नव्हे, हे मी तीनदा सांगितलं. वाती शेजारच्या देवघरात नेऊन पेटवायच्या, खरा उजेड तिथे पडतो. अंगातल्या शक्तीचंही तसंच. चक्र नुसत्या वाती वळून देतं.

सुंदरबाईंनी (माझ्या शेजारच्या, वय सत्तर, शाळा चौथी) एवढं ऐकून हात थांबवला. ‘म्हंजी बाई, मी जन्मभर खाल्लेली भाकर फुकूनच टाकली म्हना की!’

मी म्हटलं, ‘बरीचशी.’

‘आन् ह्या आत्ता आलेल्या दोन सुपाऱ्याच भाईर टाकायच्या का?’

मी पुस्तकाची पानं उलटू लागले. (हे कुणाला सांगू नकोस.) तेवढ्यात आतल्या खोलीतून, भिंतीकडच्या तोंडातून आवाज आला, ‘नाही. त्या फेरीत जुन्याच जातात. नवे दोन पुढच्या फेऱ्यांत जातात.’

‘बराबर हाय,’ सुंदरबाईंच्या शेजारी बसलेल्या साखराबाई म्हणाल्या, ‘नव्या सुनंला पयल्याच दिवशी भाईर कोन काढतं?’

मग आम्ही फेरी सुरू केली. माझ्या शिकवण्यात चूक नव्हती, हे आधी लिहून ठेवते. ताट फिरून परत आलं तेव्हा त्यात चाराऐवजी सात सुपाऱ्या, एक हळकुंड आणि खोबऱ्याचा तुकडा होता. मी संतापले. कुणी टाकलं म्हणून विचारलं तर कुणीच मान खाली घातली नाही, उलट माझ्याकडेच बघू लागल्या.

‘कावून चिडता बाई?’ सुंदरबाई म्हणाल्या. ‘कुनाचं ताट हाती आलं तर तसंच फुडं देत्यात व्हय? आमी काय इतक्या गेल्या-गुजरल्या न्हाई.’

शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची रीत पेशीला ठाऊक नसते, असं मी बजावलं आणि पुन्हा चार सुपाऱ्या ठेवल्या. या फेरीला साखराबाईंनी एक सुपारी सरळ चंचीत टाकली. म्हणाल्या, ‘संध्याकाळी लागती मला. तुमच्या चक्राला काय, एखादी कमी चालंल.’ ताट तीन सुपाऱ्यांवर आलं आणि सगळा कारभार थांबला.

मी तोंड उघडणार, तोच आतून हसण्याचा आवाज आला. मोहन, महिनाभरात ती पहिल्यांदा हसली. विस्कटलेल्या वेणीने बाहेर आली, ताटापाशी बसली आणि मलाच सांगू लागली की आत्या, तू चुकतेस, या दोघी बरोबर आहेत. पेशीतही चक्रातून मधूनच माल उचलला जातो. रक्ताचा लाल रंग करायला, प्रथिनांचे घटक करायला. साखराबाईंसारखाच. आणि जेवढा उचलला तेवढा दुसऱ्या वाटेने ताटात भरावा लागतो, नाहीतर चक्र बंद पडतं. तेच सुंदरबाई करत होत्या. परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिने तो कोरा सोडला होता, कारण तिला वाटायचं की चक्र म्हणजे बंद दाराची खोली. त्यानंतर दोन तास ती त्या सात जणींना शिकवत होती आणि त्या तिला उलट प्रश्न विचारत होत्या. वाती एकूण बावीसच झाल्या. सुंदरबाईंनी उठताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून निदान केलं, ‘पोरीला येतंय की सगळं. नापास कुनी केलं हिला?’

काल बुधवारी सकाळी ती अंबाजोगाईला कॉलेजात परत गेली. माझ्या अध्यापनपद्धतीचा हा विजय आहे, असं मी नम्रपणे नमूद करते.

वहिनींना नमस्कार. साखरेचा आकडा विसरू नकोस.

तुझी,
आक्का

ता. क. सुंदरबाईंनी तुझ्यासाठी दिलेली हिरवी मिरची सोबत आहे. तुला चालत नाही, वहिनींना दे.

ता. क. दुसरा. आता खरं सांगते. चक्र समजलं तरी मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, ‘आत्या, बाबा बोलतच नाहीत, मग पास होऊन कुणाला दाखवू?’ बॅग तशीच पडून होती. म्हणून ती अंघोळीला गेली तेव्हा तुझा फोन येऊन गेला, असं मी तिला सांगितलं. तू म्हणालास, ‘तिला सांग, पास झाली काय, नापास झाली काय, माझी पोर ती माझी पोर. मला तिच्याशी बोलायची लाज वाटते, कारण फ्लेक्स लावून मीच तिला कोंडीत पकडलं.’ तू रडलास असंही सांगितलं. ते थोडं जास्त झालं. पण तिने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीने हे वाक्य लिहून घेतलं आणि बॅग भरली. तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून उभं केलं, हे मला माहीत आहे. त्यावरून तू मला काही बोलू नकोस.

रविवारी संध्याकाळी, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती तुला फोन करणार आहे. ‘मी कधी म्हणालो?’ असं तू म्हणालास तर ती सोमवारी परीक्षेऐवजी माझ्या दारात असेल. हे पत्र दुधाच्या गाडीवरच्या सिदू ड्रायव्हरकडून शनिवारच्या आत तुला मिळेल. वरचं वाक्य पाठ कर. मोठ्याने म्हणून बघ, गोठ्यात म्हण. शब्द मी दिले आहेत, पण तिला ऐकायचा आहे तो आवाज मला काढता येत नाही.