मराठी येतं म्हणालो

सोम. २३ फेब्रु. २००९
तिसरी शाळा. नवीन पनवेल, काचेची बिल्डिंग. तिथेही तेच. खिडकीतली मुलगी म्हणाली, "नववीला आम्ही बाहेरचं कुणी घेत नाही. बोर्डाचं रजिस्ट्रेशन नववीतच होतं." म्हटलं, मुलगी आठवीत आहे, वर्गात पहिल्या पाचांत असते, सलालाला.
"सलाला कुठे आलं?"
"ओमानमध्ये."
"म्हणजे दुबईच ना?"
हो म्हटलं. कोण समजावत बसणार.
ओमचं, म्हणजे धाकट्याचं, दुसरीसाठी वेटिंगला नाव लिहून घेतलं. तेही उपकार केल्यासारखं.
अकरा वर्षं तिथल्या बंदरावर क्रेन चालवली. परत यायचं ठरलं तेव्हा नोकरीची काळजी केली, आईच्या तब्येतीची केली, गावच्या घराला वर दोन खोल्या काढल्या. शाळेचं डोक्यातच आलं नाही. शाळा काय, असतातच, असं धरून चाललो.

बुध. २५ फेब्रु.
सुलभाचा (बायकोचा) फोन. परीक्षा संपेपर्यंत ती मुलांना घेऊन तिथेच. तिच्या भावानं पुण्याजवळची एक शाळा शोधलीय. हॉस्टेल आहे, नववीला घेतात. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," म्हणाली.
मी म्हटलं, बघू.
"बघू काय? एप्रिलअखेर व्हिसा संपतोय आमचा."
मयुरीला इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं. तेरा वर्षांची आहे. एक रात्र कधी आईशिवाय राहिलेली नाही.

सोम. २ मार्च
न्हावा शेवा बंदरावर पहिला दिवस. सुपरवायझर म्हणाला, "गल्फ रिटर्न का? बघू तासाला किती कंटेनर उचलता." वर केबिनमध्ये चढलो. बसल्यावर हात आपोआप चालले. जेवणाच्या सुट्टीत त्याच सुपरवायझरनं चहा पाजला.
एक गोष्ट जागेवर आली.

शुक्र. ६ मार्च
दादा (माझा मोठा भाऊ) पुढाऱ्याचं पत्र घेऊन आला. "घे. साह्यबांची सही हाय. आता कोन नाय म्हनतो बगू."
सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळीच काचेच्या शाळेत गेलो. प्रिन्सिपॉलनं पत्र वाचलं, ड्रॉवर उघडला, आत ठेवलं. आत तशीच पत्रं. साताठ तरी असतील. "सगळ्यांना जागा देता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं," म्हणाला. माणूस वाईट नव्हता.
दादाला सांगितलं तर म्हणाला, दुसऱ्या साहेबांचं आणतो.

शनि. १४ मार्च
पुण्याच्या हॉस्टेलचा फॉर्म कुरियरनं आला. मेव्हण्यानं सगळा भरून पाठवलाय, माझी सही तेवढी राहिलीय. ३० एप्रिलपर्यंत पोचवायचा. कपाटात ठेवला.
आईनं विचारलं, "कसला कागद?" इन्शुरन्सचा म्हटलं.

शुक्र. २० मार्च
आज एक गोष्ट केली ती लिहून ठेवतो.
पनवेल गावात तळ्याच्या अलीकडे जुन्या संस्थेची शाळा आहे. इंग्रजी माध्यमही आहे आता. कुणी सांगितलं नव्हतं, बसची वाट बघताना पाटी दिसली, गेलो. मुख्याध्यापिका बाई साठीला आलेल्या, सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात. समोर बसवलं, पाणी दिलं. महिनाभरात पहिल्यांदा कुणी पाणी विचारलं.
म्हणाल्या, "नववीत एक मुलगी गावाला चाललीय, जागा होईल. विषय अवघड नाही जाणार तिला. पण मराठी शंभर मार्कांचं आहे. मुलीला मराठी येतं ना?"
"येतं."
"लिहिता-वाचता?"
"हो, येतं ना."
काहीही येत नाही. तिथे तिला हिंदी आहे, म्हणून अक्षरं ओळखते. बोलते ती आजीशी फोनवर, तेही आमच्या आगरी बोलीत.
"मग २५ एप्रिलला छोटीशी परीक्षा घेऊ. मराठीचीच." आणि शाळेच्या दाखल्यावर एम्बसीचा शिक्का हवा म्हणाल्या.
बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. कान गरम झाले होते.

शनि. २८ मार्च
फोनवर मयुरीला मराठीच्या परीक्षेचं आणि माझ्या 'येतं'चं सांगून टाकलं, पुण्याचं नाही. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं बोललात?"
"हो."
"टीचरशी?"
"हो गं बाई."
मागून सु. हसली की रडली, कळलं नाही.
रिझल्ट लागला. म. वर्गात चौथी.

बुध. ८ एप्रिल
आले. तिघं, सात बॅगा. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओम म्हणाला, ब्रेड का फेकला?
दाखले आणलेत, शिक्क्यासकट. सु.नं तीन वेळा मस्कतला फोन करून शेवटच्या आठवड्यात मिळवला. आता दाखले पर्समधून बाहेर काढेना. "तुमच्याकडे दिले तर हरवाल."
घर भरलं.

शनि. ११ एप्रिल
पनवेलहून पाचवी, सहावी, सातवीची मराठीची पुस्तकं आणली. दुकानदार म्हणाला, तीन मुलं का? म्हटलं, एकच.
रोज शिफ्ट संपली की दीड तास. ऱ्हस्व-दीर्घात तिचा नुसता गोंधळ. 'ळ' म्हणताना हसू येतं तिला. मलाही. लहानपणी 'ळ' मलाही जमला नव्हता, कितीतरी वर्षं.

रवि. १९ एप्रिल
आज वाईट झालं.
निबंध लिहायला दिला होता, 'माझी आजी'. तिनं लिहिलं, 'आजी आमाला मासं देते. ती शाळेत गेली नाय.' मी खोडलं. 'नाय' नाही, 'नाही'! 'आमाला' नाही, 'आम्हाला'! तिसऱ्यांदा खोडताना आवाज चढला. आई ओटीवर मासे साफ करत होती. तिथूनच म्हणाली, "काय चुकलं त्याच्यात? खरा तं लिवलाय."
मयुरी वही मिटून वर गेली.
सहावीत असताना पनवेलच्या शाळेत मास्तर माझ्या प्रत्येक 'हाय'ला एक पट्टी मारत. बोटांच्या पेरांवर. मी 'आहे' शिकलो, पण वर्गात हात वर करायचं सोडून दिलं. दहावीपर्यंत. ते आज आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कुठे होतो.
वर जाऊन तिच्याजवळ बसलो. काय बोलावं कळेना. "भूक लागली का?" विचारलं.
"नाय," म्हणाली. मुद्दाम.

बुध. २२ एप्रिल
शिफ्ट बदलून घेतली, शाळेत गेलो. सरळ सांगितलं. बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो. मुलीला मराठी लिहिता येत नाही. बोलते तीही आमची गावची भाषा. बारा दिवस शिकवतोय. परीक्षेला बसवायची की नाही तुम्ही सांगा.
बाई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला माहीत होतं."
"कसं?"
"मस्कत, दुबई, कुवेत. सगळे आईबाप 'येतं' म्हणतात. परत येऊन 'येत नाही' सांगणारे तुम्ही दुसरे."
पहिले कोण, ते विचारलं नाही.
"शनिवारी आणा तिला. दहा वाजता. पेन आणायला सांगा, इथली मुलं विसरतात."

शनि. २५ एप्रिल
मयुरीला परीक्षेला आत सोडलं. सु. आणि मी समोरच्या रसवंतीत बसलो. दोन तासांत तिनं पाच वेळा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी पाच वेळा म्हटलं, बघू.
बाहेर आल्यावर म. म्हणाली, सगळं लिहिलं. काही सोडलं नाही. काय लिहिलं ते सांगेना.
पुण्याचा फॉर्म अजून कपाटात. मेव्हण्याचे दोन मिसकॉल.

मंगळ. २८ एप्रिल
बाईंनी बोलावलं. मयुरीला बाहेर बाकावर बसवलं, मी आत. त्यांनी पेपर पुढे केला. "वाचा."
लाल शाई सगळीकडे. निबंध होता 'माझे गाव'. घरी येऊन आठवेल तसा उतरवतोय:

'माझे गाव दोन हाय. एक सलाला. एक नेरेच्या जवल. सलालाला पावसात धुकं येते तवा उंट रस्त्यात बसते, गाडी हलत नाय. इकडे आजी हाय. आजीला मी कलते. मला पुन्याला पाटवाचे हाय. तिकडे माजे कोन नाय. मम्मी बोलते दोन वर्साचा प्रश्न हाय. पप्पा काय बोलत नाय.'

शेवटच्या ओळीखाली लाल शाई नव्हती.
मी पुन्हा वाचलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, मला वेळ देत होत्या बहुतेक.
मग म्हणाल्या, "चुका मोजायचं मी मधेच सोडलं. पण मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. पोरीला मराठीत सांगता येतं. लिहायला आमच्या शिंदेबाई शिकवतील, त्यांना दुसरं काम काय."
"म्हणजे..."
"नववीत घेते. सहामाहीपर्यंत बघेन. मराठीत अगदीच बुडाली तर आठवीत बसवेन, तेव्हा भांडायला यायचं नाही."
नाही येणार, म्हटलं.

बाहेर मयुरी उभीच होती.
"मिळाली?"
"मिळाली."
"मग पुणं?"
"तुला कुणी सांगितलं पुण्याचं?"
"पप्पा, मम्मीचा फोन स्पीकरवर असतो."
तिथेच, शाळेच्या पायरीवर म्हटलं, तू कुठेही जाणार नाहीस. हे मी फेब्रुवारीतच बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण मलाच माहीत नव्हतं जमेल की नाही. "माहीत नसलं तरी बोलायचं," म्हणाली. मोठ्या माणसासारखी.
मग रडली. मग भूक लागली म्हणाली. दोन वडापाव.

सु. ला फोनवर सांगितलं तर ती नुसती "हो... हो... हो" करत राहिली. घरी पोचलो तर ओट्याशी उभी राहून हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आईनं विचारलं, "कोन मेला?" सगळे हसलो. खूप दिवसांनी.
मेव्हण्याला फोन केला. जरा रागावला. फॉर्म फाडला नाही, त्या शाळेशी त्याचा पत्रव्यवहार झालेला, म्हणून त्याला परत पाठवला.

गुरु. ७ मे
झोप बरी लागतेय. क्रेनवर काल सुपरवायझर म्हणाला, आज हात मोकळा चालतोय तुमचा.
मयुरी आता आजीला पेपरातली बातमी वाचून दाखवते. आजी मधेमधे तिला सुधारते, म्हणजे बिघडवते. मी मधे पडत नाही.
ओमचं मात्र कुठेच नाही. काचेच्या शाळेत वेटिंग हललेलंच नाही. बाईंकडे दुसरीत जागा नाही, "झाली तर कळवीन" म्हणाल्या.

सोम. १५ जून
शाळा सुरू. मयुरी निळा स्कर्ट, दोन वेण्या, सहा सीटर रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे वळून बघितलं नाही. बरं वाटलं.
ओमला घरी किती दिवस ठेवणार, म्हणून गावातल्या जि. प. शाळेत घेऊन गेलो. तात्पुरतं. गुरुजींनी फॉर्म नाही, मुलाखत नाही, काही नाही. "ऱ्हाऊ दे बसलेला. दाखला मागाहून द्या."
चार महिने मी शाळांच्या पायऱ्या चढतोय. हे घरापासून दोनशे पावलांवर.
सु. म्हणाली, तात्पुरतं हं.

शनि. २० जून
मयुरी: शिंदेबाई कडक आहेत, पण छान आहेत. पहिल्या शुद्धलेखनात वीसपैकी सहा. शेजारच्या मुलीला चार, त्यामुळे खूश. दोघींची गट्टी जमलीय. ती मुलगी कुवेतहून आलेली.
सु. आता तिला स्टॉपवर सोडायला जात नाही. म्हणजे जाते, पण लांब उभी राहते.

शुक्र. २६ जून
दुपारी बाईंचा स्वतःचा फोन. दुसरीत एक जागा झाली. ओमला घ्यायचं असेल तर सोमवारपर्यंत कळवा.
सु. लगेच युनिफॉर्मचं बोलायला लागली. दोघं एकाच शाळेत, एकाच गाडीनं. बरोबर आहे तिचं. आईचं म्हणणं, पोर हसतं-खेळतं हाय, कशाला हलवता. तेही बरोबर आहे. दहा दिवसांत त्याचे पाच मित्र झालेत. सलालाला दोन वर्षांत एक होता.
मयुरी म्हणाली, "त्याला विचारा ना आधी."
खरं आहे. विचारू.
पण तो घरात नाही. शाळा सुटल्या सुटल्या पोरांबरोबर ओढ्यावर गेलाय, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला. गेल्या शुक्रवारी एक चावली होती, तरी आज पुन्हा गेला. जाताना आजीचा डबा घेऊन गेलाय, झाकणाचा.
चहा झाला. दारात बसलोय. अजून आला नाही.