गोदामातले तीळ कोणाच्या नावे

मी, तीळ पिकवून, चाळून विकणारी विधवा बाई, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी त्यांच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास खोटे समजावे.

१. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी यांना निम्मे निम्मे. धाकटी म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या मुलाची बायको. तिचे शिवणकामाचे दुकान आहे. घराची मोजणी करताना थोरल्याने टेप धरू नये.

२. तीळ चाळायचे यंत्र, ते चालवणाऱ्या बाईला. तिने इतक्या वर्षांत मूठभरही तीळ घरी नेले नाहीत. मी रोज बघत होते.

३. गोदामातील तीळ. हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मागच्या हंगामाचा सगळा माल मी गोदामात ठेवला. ज्याच्या हाती पावती त्याचा माल, म्हणून पावत्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला असे. तरी पावत्या गेल्या. कुलूप शाबूत, म्हणजे चोर घरचाच. मी तापाने पडले होते तेव्हा किल्ली उशाशी होती, आणि औषध द्यायला थोरलाही येई, धाकटीही.

गोदामाचे व्यवस्थापक म्हणाले, "पोलिसांत कळवा, प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि हमीपत्राला जामीन आणा. मुदतीत हरकत आली नाही तर दुय्यम पावत्या देतो."

थोरला म्हणाला, "आई, कशाला गावभर बोभाटा? सापडतील घरातच." एरवी चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! माझ्या मनात पाल चुकचुकली.

जामीन राहायला कोणी तयार होईना. उद्या मूळ पावती घेऊन कोणी उभा राहिला तर भरपाई जामिनाच्या गळ्यात. शेवटी धाकटी म्हणाली, "माझ्यावरही संशय आहे ना तुमचा? मग जामीन मीच राहते. दुकान लिहून देते."

"यात तुझा काय फायदा?"

"तुमचा संशय जाईल, तेवढा पुरे."

तो पुरता गेला नाही. पण हमीपत्रावर तिची सही घेतली.

सूचना छापून आली आणि मुदत संपायच्या आत एक व्यापारी मूळ पावत्या घेऊन गोदामात हजर. पावत्यांच्या मागच्या बाजूला माल त्याच्या नावे केल्याची माझी सही. व्यवस्थापकांनी आम्हा सर्वांना बोलावले. "बाई, ही सही तुमची?"

सही माझ्यापेक्षा सुबक होती. शाळेत असताना थोरला प्रगतिपुस्तकावर अशीच करायचा. तो जमिनीकडे बघत होता. हो म्हणावे तर तीळही जाणार आणि खोट्या प्रतिज्ञेपायी माझ्यासोबत धाकटीही अडकणार. नाही म्हणावे तर पोटचा मुलगा तुरुंगात.

मी म्हटले, "नाही."

व्यापारी थोरल्याच्या अंगावर धावला. "आईनं माझ्यासमोर सही केली, असं म्हणालास ना?" पुढे थोरल्याने आपली मालमोटार विकून, पावत्यांवर घेतलेली व्यापाऱ्याची उचल फेडली. व्यवस्थापकांनी मूळ पावत्या रद्दचा शिक्का मारून मला परत केल्या आणि दुय्यम दिल्या. पोलिसांत मी त्याचे नाव सांगितलेले नाही. तेव्हापासून तो उंबऱ्यापर्यंत येतो, आत येत नाही. मीही 'ये' म्हटलेले नाही.

दुय्यम पावत्या आणि त्यांवरील सर्व तीळ धाकटीला, एकटीला. थोरल्याने 'विकायला मदत करतो' म्हटले तरी तिने ऐकू नये.

४. खोट्या सहीच्या रद्द पावत्या बँकेच्या लॉकरात आहेत. माझ्यामागे धाकटीने त्या थोरल्याच्या हाती द्याव्यात आणि त्याने तिच्यासमोर जाळाव्यात. त्याच्यावर कोणी फिर्याद करू नये. आईने 'नाही' म्हटले, एवढी शिक्षा त्याला पुष्कळ झाली. मात्र काडी ओढण्याआधी पावत्या त्याच आहेत ना, हे धाकटीने उजेडात धरून बघावे.

साक्षीदार: (१) डॉक्टर (२) गोदामाचे व्यवस्थापक. दोघांनी माझ्यादेखत, स्वतःच्या पेनने सह्या केल्या.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावरचाच.
लिहून देणार: सही