गजर हा वैद्यकीय शब्द नाही

मंगळवार, ता. ११

ताई,

सा. न. वि. वि. असं बाबा लिहायचे. विनंती विशेष. माझ्याकडे विशेष पुष्कळ आहे आणि विनंती एकच. पण ती लगेच हातून उतरत नाहीये, म्हणून आधी इकडचं ऐक.

मी बरी आहे. खिडकीचं फुटकं तावदान एकदाचं बदललं. शेजारच्या काकूंनी पुन्हा मांजर आणलंय आणि ते माझ्याच पायपुसण्यावर लोळतं. ऑफिसात कामाचा ढीग. तू एकदा हसली होतीस ना, "कागदांना शब्द चिकटवायची नोकरी?" म्हणून? तीच अजून चालू आहे. डॉक्टरांचे लेख आणि रुग्णांच्या हकिगती आमच्याकडे येतात. ऑनलाइन चढवण्याआधी प्रत्येकीला शोधशब्द लावायचे. शब्द चुकला की कागद असून नसल्यासारखा, कुणाला सापडतच नाही.

काल एक हकिगत आली. एकाच घरातली माणसं, आजीपासून नातीपर्यंत. अचानक मोठा आवाज झाला की कोसळायची, हातपाय झटकायची. वर्षानुवर्षं सगळ्यांना फिटची औषधं, आणि बिघाड मात्र हृदयाच्या लयीत! लिहिणाऱ्या डॉक्टरांनी सुचवलेले शब्द सगळे हृदयाचे, लांबलचक. मला वाटलं, जिची मुलगी सकाळी पलंगातच कोसळते ती बाई हे असलं कुठून टाईप करणार? म्हणून मी साधे शब्द घालायला बसले. फिट. शुद्ध हरपणे. दचकणे. दारावरची घंटा. फोनची रिंग. गजर.

'गजर' लिहिलं आणि हात थांबला. ताई, मी आपलंच घर लिहीत होते.

उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. आमच्या मुख्य बाई मागून वाकून म्हणाल्या, "गजर हा काय वैद्यकीय शब्द आहे? काढा तो."

"नाही काढणार."

इतक्या जोरात बोलले की सगळे वळून बघायला लागले. "अहो, आमची टिटवी, माझी भाची, गजर वाजला की पडते!"

बाई खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. म्हणाल्या, "शब्द राहू दे. आधी घरी फोन करा."

फोन कसा करू? तुझ्या घरात रिंग वाजली असती. म्हणून तडक भाऊजींच्या ऑफिसात गेले. टिटवीच्या खोलीतलं घड्याळ काढा, सगळे फोन मुके करा, दारावरची घंटा बंद करा, एवढं सांगून आले. बाकीचं मीच तिला लिहिते म्हणाले, आणि आता तेच जमत नाहीये.

तर विनंती ही. उद्याच्या उद्या टिटवीला हृदयाच्या डॉक्टरांकडे ने. तिचा ईसीजी काढ, आणि तुझाही. फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस, लेख जोडलाय तो डॉक्टरांना दाखव. यावर उपाय आहे, ताई. बऱ्याच जणांचं रोजच्या एका गोळीवर भागतं. पण आधी कळायला हवं.

आता बाबांचं.

त्या दुपारी ते आरामखुर्चीत डुलकी घेत होते. मी स्वयंपाकघरात. कानाशी फोन वाजला, ते दचकून उठले आणि तिथेच पडले. फोन कुणाचा होता ते सोड. कुणाचा का असेना. कुरियरवाल्याचा असता, चुकून लागलेला असता, तरी तेच झालं असतं. सकाळी तुझ्याकडे राहायला येण्यावरून तुमचं कडाक्याचं वाजलं होतं, त्याने काही झालं नाही. रागावलेले नव्हतेच ते. तू फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "थोरली माझ्यावर गेलीय, मागे हटायची नाही. माझी बॅग काढून ठेव." हे तुला सांगायचं राहिलं. त्यांना स्मशानात पोचवून तू गेलीस ती पुन्हा आलीच नाहीस, आणि मला वाटत राहिलं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

माझा ईसीजी? काढला, आज सकाळी. आहे. गोळी सुरू झालीय. बरी आहे म्हणून वर लिहिलंय ना.

लिहायला काही उरलं नाही आणि पेन खाली ठेववत नाही. टिटवीला पापा.

तू बोललीस न बोललीस तरी तुझीच,
धाकटी


रविवार, ता. १६

धाकटे,

खरं सांगते, पाकीट ह्यांनी हातात दिलं तेव्हा मी चिडलेच. घरातली घड्याळं कुठे गायब झाली ते तेव्हा कळलं. "ती काय डॉक्टर लागून गेली?" असं म्हणालेसुद्धा. मग सगळे झोपल्यावर राहवेना. कॉम्प्युटर उघडला आणि माझ्या शब्दांत टाकलं, गजर वाजला की मुलगी बेशुद्ध पडते. टिटवी पहिल्यांदा पडली तेव्हाही हेच टाकलं होतं. तेव्हा फिट, फिट आणि फिट. या वेळी सगळ्यात वर तोच तुझा कागद. मग मात्र सकाळ होईपर्यंत मला दम निघेना.

टिटवीला आहे. मलाही आहे. दोघींना गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. रोज सकाळी मी तिच्या केसांतून हात फिरवून तिला उठवते. बाईसाहेबांना ते इतकं आवडलंय की उठायचं नावच घेत नाहीत. शाळेच्या घंटेचं शिक्षकांशी बोलून आले.

आणि तो फोन माझा होता. किती जपून लिहिलंस गं, 'कुणाचा का असेना'! मला पहिल्यापासून माहीत होतं. 'चुकले' म्हणायला लावला होता. रिंग वाजत राहिली, तुटली, मी परत लावला. नंतर वेळ जुळवून पाहिली आणि गार पडले. माझ्या बोलण्याने बाबा गेले असं धरून बसले होते. तुझ्याकडे आले तर एक दिवस तू म्हणशील, ताई, तुझाच होता तो. ते ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून पाऊलच टाकलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. तू त्यांच्याजवळ एकटी होतीस, आणि मी तुला आणखी एकटी केलं.

फोन माझा होता हे काही बदलत नाही. पण बाबा यायला निघाले होते हे मी पत्र वाचल्यापासून सारखी स्वतःला सांगतेय. ह्यांनाही सांगितलं. टिटवीलाही.

आणि स्वतःचं 'आहे' एवढ्यात उरकलंस? घरात दुसरं माणूस नाही, पडलीस तर कुणाला कळणार? शनिवारी तुला न्यायला येतेय. 'नाही' म्हणालीस तर आपलं वाजेल, आणि मी मागे हटायची नाही. घंटा दाबणार नाही. दाराची कडी काढून ठेव.

येतेच आहे,
ताई