लिहून घेणार : परमेश्वर

४ फेब्रुवारी, मंगळवार

चिमीचा फोन. रडली नाही, हेच वाईट. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय. जावई जहाजावर, एप्रिलशिवाय परतत नाहीत. "आई, या वेळी तरी ये." मी म्हटलं, अगं गुडघे, सहा तासांची बस... "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मागच्या वेळी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हाही मी गुडघेच पुढे केले होते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. खोटारडी!

५ फेब्रुवारी

ह्यांनी जेवताना विचारलं, "तू जात का नाहीस? मी चार वेळा जाऊन आलो." मी ह्यांना आणखी भात वाढला. ह्यांना काय सांगणार? ह्यांच्यापायीच तर सगळं आहे.

इथे तरी लिहून टाकते. अकरा वर्षं मनात कोंडून ठेवलंय. हे चौदा दिवस बेशुद्ध होते. डॉक्टर नजर चुकवायला लागले होते. मी दवाखान्याच्या बाकावर बसले आणि जे नोंदणी कचेरीबाहेरच्या टेबलावर रोज लोकांसाठी करते तेच केलं – दस्त लिहिला. लिहून घेणार : परमेश्वर. लिहून देणार : मी. कारणे लिहून देते की, पती बरे होऊन घरी आले तर मी मरेपर्यंत या गावची वेस ओलांडणार नाही. फिरण्याइतकं प्रिय मला काही नव्हतं. सुट्टी लागायच्या आधी माझी बॅग भरलेली असायची. स्वस्तातलं काही द्यायला मन धजेना. चतुःसीमासुद्धा घातली! पूर्वेस नदीचा पूल, पश्चिमेस बंद गिरणी. खाली सही ठोकली.

पंधराव्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

मुदत घालायची राहिली. साध्या भाडेकराराला मी मुदत घालते, मोडायचा झाला तर कसा मोडायचा ते कलम घालते. आणि इथे, वीस वर्षांचा सराव असलेल्या या शहाणीने दोन्ही विसरावं! आता पूल ओलांडला आणि ह्यांना काही झालं तर?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळाचा पट्टा बदलायला गेले. घड्याळजी दुपारीच दुकान आवरत होते. ते ज्यू, शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस सुरू होतो, मग पट्टा काय, काटाही हलवणार नाहीत. मी आडवळणानं विचारलं, "एका पक्षकाराचं विचारते हो, देवाला दिलेला शब्द मागे घेता येतो का तुमच्यात?"

"पक्षकाराचं?" त्यांनी भिंगातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बिघडलेलं घड्याळ! म्हणाले, त्यांच्यात तिघांसमोर उभं राहून सांगायचं – याचा परिणाम असा होईल हे ठाऊक असतं तर मी बोललो नसतो. पटलं तर ते तिघे शब्दातून सोडवतात. "पण ताई, तो आपला शब्द. त्याचा शब्द वेगळा. जगबुडीनंतर पुन्हा बुडवणार नाही असा शब्द देऊन त्याने आभाळात इंद्रधनुष्य ठेवलं ना, ते आपल्याला आठवण राहावी म्हणून नाही. त्याला स्वतःला राहावी म्हणून!" देवही विसरायला घाबरतो म्हणजे. मला बरं वाटलं, का कोण जाणे.

१० फेब्रुवारी

मिशनच्या वृद्धाश्रमाच्या सिस्टर भाडेपट्ट्यासाठी आल्या होत्या. त्यांनाही तेच विचारलं. हसून म्हणाल्या, "आमच्या करारात दोन्ही बाजूंच्या सह्या त्यानेच केल्यात, आमच्या वतीने येशू होऊन." असला दस्त मी तरी नोंदणीला पाठवणार नाही!

११ फेब्रुवारी

चाचा एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर टाइप करतात. त्यांच्यापासून काही लपत नाही, कालचं सिस्टरशी बोलणंही. आज चहा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बाई, तो पक्षकार तुम्हीच ना?" मी मान हलवली. मग थोडक्यात सांगितलं. काय कबूल केलं ते सांगितलं, कुणासाठी ते नाही.

त्यांनी टाइपरायटरचं झाकण पुसलं. मग म्हणाले, "आमचं असं आहे. जन्माआधीच सगळ्या जीवांना उभं करून त्याने विचारलं, मी तुमचा पालनकर्ता आहे ना? सगळे म्हणाले, हो. आठवत कुणालाच नाही. करार मात्र झालाय."

"साक्षीदार कोण?"

"आपणच!" म्हणाले आणि स्वतःच हसले. "तो मोठा करार. बाकी आपण आपल्या तोंडानं घातलेल्या शपथा. शपथेपेक्षा चांगलं काही समोर आलं तर चांगलं करावं, बाई, आणि शपथेची भरपाई म्हणून दहा भुकेल्यांना जेवू घालावं. आमच्यात तरी असं आहे. तुमचं तुम्ही बघा."

माझं मीच बघायचं, तिथेच तर घोडं पेंड खातंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन भाऊ घर विकायचा मसुदा करायला आले. कागद बघितले तर बहिणीचं नाव तिसरं. "ती कुठाय?" "ती लांब असते हो, तिला काय कळवायचं! घरातलंच आहे." मी चष्मा काढला आणि झापलं, "जिच्या हक्काला बाधा येते तिची संमती लागते. दुसऱ्याचं ते तुम्ही कसं देऊन टाकता?"

बोलले आणि हातातलं पेन तसंच राहिलं. चाचांचा टाइपरायटरही थांबला होता.

चिमीला आई हवी होती. ते माझं नव्हतं, तिचं होतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून तिचं देऊन टाकलं! तिला न विचारता.

१८ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, गहिवरतील. कसलं काय! ताट सारून उठले. "माझ्या जिवावर करार, आणि मलाच पत्ता नाही? माझ्या श्वासाचं मोल माझ्या पोरीनं चुकवायचं? ती तिथे एकटी रडत होती, तेव्हा मी इथे झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होतो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढं लागेल असं ध्यानीमनी नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर?"

"होईल तेव्हा होईल. तुझ्या पुलाशी त्याचा काय संबंध?"

१९ फेब्रुवारी

अबोला. फक्त "मीठ दे."

२० फेब्रुवारी

संध्याकाळी टेबलावर बसचं तिकीट. एकच. "मी इथेच थांबतो," म्हणाले. "बघूच तुझा देव काय करतो."

"असं बोलू नका हो!"

"बरं, नाही बोलत."

२३ फेब्रुवारी, रविवार

पूल ओलांडला. डोळे गच्च मिटून घेतले होते, नदी दिसलीच नाही. लगेच फोन लावला. उचलेनात! तिसऱ्यांदा लावला तेव्हा – "अगं, नळ दुरुस्त करायला बेसिनखाली आडवा झालोय, हात ओले आहेत. जिवंत आहे. ठेव." शेजारच्या बाईंनी विचारलं, रडताय का? मी म्हटलं, गाडी लागते मला.

निघायच्या आधी चाचांना सांगून आलेय, दहा जणांच्या जेवणाचं बघा. आमच्यात असं आहे की नाही, ठाऊक नाही. जेवतील तरी कुणी.

२५ फेब्रुवारी

चिमीची वेणी घालता घालता सगळं सांगितलं. ती पाठमोरी होती म्हणून जमलं. तिने रबरबँड मागे माझ्या हातात दिला. मग – "मला वाटायचं, तुला मी नकोशी झालेय." एवढंच. वेणी तीनदा सोडून पुन्हा घातली.

२ मार्च

दिवसातून चार वेळा ह्यांना फोन करते. आज खेकसले, "खोकलो तरी कळवू का?" हो, कळवा!

११ मार्च, मंगळवार

सकाळी नऊला चिमीला आत नेलं. बाहेर तसलाच बाक. आतून तिचं ओरडणं ऐकू आलं आणि माझे ओठ आपोआप चालू झाले – देवा, दोघांना सुखरूप ठेव, मी चहा सोडते, मी गोड सोडते, मी बोलणं सोड... तोंडावर हात दाबून धरला. नाही. आता काही लिहून देणार नाही. जे देईन ते कुणा ना कुणाच्या वाट्यातून जाईल.

हात नुसते जोडले. म्हटलं, मला हवंय. बदल्यात काही नाही. इतकी उघडी मी कधी पडले नव्हते.

१२ मार्च

मुलगी. दोघी सुखरूप. ह्यांनी फोनवर तिचं रडणं ऐकलं आणि स्वतःच रडत बसले.

मी काहीच कबूल केलं नव्हतं. तरी दिली. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी हेही मला असेच मिळाले होते. माझ्याकडून कुणी काही मागितलं होतं का? कुणीच नाही!