कवळीचं पस्तान

गुरुवार, १४ फेब्रुवारी १९७४

मोतीबिंदू पिकला! डॉक्टर म्हणाले, बावीस तारखेला भरती व्हा, तेवीसला काढून टाकू.

घरी सांगितलं तर जिजाबाईनं आधी पंचांग काढलं. "बावीसले तं अमावस्या आहे जी! डॉक्टरले म्हणा, दोन दिवसांनी येतो." म्हटलं, दवाखाना तुझ्या बापाचा आहे काय वं? तीन महिन्यांनी खाट मिळून राहिली! रुसली. जेवण मात्र वाढलं.

डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला. उजवाच काय तो. हा बिघडला तर संपलंच. पण हे तिच्यापाशी कशाला बोला? उगाच घाबरेल.

शनिवार, १६ फेब्रुवारी

तोड निघाली! पस्तान ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस पाहून सामान शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं — की झालं, आपण निघालो! मग खरं जाणं अमावस्येला का असेना. अट एकच — गेलेली वस्तू घरात परत आणायची नाही. शुद्ध अडाणीपणा! पण घरात शांतता झाली, म्हणून हो म्हटलं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज ट्रंक भरली. सतरंजी, कपडे, स्टोव्ह, घासलेटची बाटली, तांब्या, डिंकाचे लाडू, अडकित्ता. डॉक्टरची चिठ्ठीही त्यातच. डोळ्याला पट्टी बांधून आठ दिवस उताणं पडायचं, अडकित्ता काहून? "असू द्या जी."

समोर देवाजीकडे नेली. पोस्टात तीस वर्षं सोबत होतो आम्ही. हसला. "आम्ही हे सारं छप्पन साली, दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं गा, रुपराव. पण वहिनीसाठी ठेवतो, आण." जिजाबाईनं ट्रंकेवर सुपारी ठेवली. देवाजीच्या अंजनाबाईनं सुपारीशेजारीच चहाच्या कपबशा मांडल्या.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

कवळी सापडेना! सारं घर पालथं घातलं. शेवटी जिजाबाई म्हणते, "माय वं! ट्रंकेत गेली वाट्टे." आणून दे म्हटलं तर कानांवर हात. गेलेली वस्तू परत येत नाही म्हणे! म्हणजे माझे दात निघाले आणि मी मागे राहिलो!

पोटापुढे काय चालते? ताट घेऊन गल्ली ओलांडली. देवाजीकडे दात लावले, जेवलो, दात धुऊन परत ट्रंकेत. अंजनाबाई पदर तोंडाशी धरून हसून राहिली. "भाऊजी, दात आमच्याकडे, पोट तुमच्याकडे!" संध्याकाळी पुन्हा तीच वरात. आता तर अख्खी गल्ली ओट्यांवर येऊन बसली होती.

बुधवार, २० फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. दातांना सुट्टी.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

देवाजीच्या दाराला कुलूप! त्याच्या साळ्याकडे काहीतरी निघालं, सगळे कामठीला गेले. उद्या भरती, आणि ट्रंक, चिठ्ठी, दात — सारं आत! जिजाबाई कपाळाला हात लावून बसली. भात वरणात कालवून तसाच गिळला.

खरं लिहितो. कुलूप पाहून मला बरं वाटलं. लय भेव वाटून राहिलं. चिठ्ठी नाही तर भरती नाही, भरती नाही तर आहे तेवढं तरी दिसत राहील. अंधुक का होईना, जिजाबाई दिसते. नसता उद्योग कशाला?

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सकाळी दारात देवाजी! कामठीहून पहिल्या बसनं आला. ट्रंक रिक्षात चढवूनच हाक मारली, "वहिनी, सामान निघालं. आता माणूस काढा!"

निघतो. कवळी तोंडात आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

चष्मा आला. दिसते! पंचांगातली बारीक अक्षरंसुद्धा!

जिजाबाईला चिडवलं — अमावस्येनं काय वाकडं केलं वं? उगाच माझ्या कवळीला वनवास! ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुकून नव्हती ठेवली जी. नुसते कपडे गेले म्हणजे माणूस गेलं काय? तुमच्या अंगातलं काहीतरी आधी जायले पाहिजे होतं. एकच तं डोळा होता."