बाळंतविड्याच्या बॅगेतून लेन्स बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
कालवा उपविभाग, तासगाव, जि. सांगली.

अर्जदार : सौ. दीपमाला जयराज सूर्यवंशी, रा. कुंडल, ता. पलूस.

विषय : आपले कनिष्ठ अभियंता व माझे पती श्री. जयराज सूर्यवंशी यांना परदेश प्रवासात कॅमेऱ्याचे अवजड सामान नेण्यास लेखी मनाई करणेबाबत.

संदर्भ : १) आपण त्यांना मंजूर केलेली तीन महिन्यांची अर्जित रजा.
२) मी त्यांना वेळोवेळी दिलेल्या तोंडी सूचना, ज्यांवर कोणतीही कार्यवाही झालेली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, आमची एकुलती एक मुलगी संयोगिता कॅनडात असते. पुढच्या महिन्यात तिचे पहिले बाळंतपण आहे. तिला सासू नाही, तिकडे हाकेला धावणारा शेजार नाही, म्हणून आम्ही उभयता जात आहोत. रजेच्या अर्जात यांनी 'कौटुंबिक कारण' असे लिहिले आहे. ते माझ्यापुरते खरे आहे. यांचे कारण कॅमेरा हे आहे.

१. मुलीला दिवस राहिल्याची बातमी आली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि यांनी विचारले की तिकडे हिवाळ्यात उजेड कितपत असतो. त्या दिवसापासून खरेदीचा विचार सुरू झाला. कॅमेरा हलका घ्यावा की भारी, यावर त्यांनी पुण्याच्या, बंगळूरच्या आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांशी फोनवर सल्लामसलत केली. सगळ्यांनी हलका घ्या म्हणून सांगितले. यांनी भारी घेतला. मुलीला दवाखान्यात कधी दाखल करणार आहेत, हे मात्र त्यांना आजही सांगता येणार नाही. आपण समक्ष विचारून खात्री करावी.

२. सोबत जी लांब लेन्स घेतली आहे ती पक्ष्यांसाठी असते. उसाच्या फडातल्या बगळ्याचा फोटो यांनी त्याच प्रकारच्या जुन्या लेन्सने काढला होता व आपण तो कौतुकाने कार्यालयाच्या भिंतीवर लावला. साहेब, राग मानू नये, पण हा माणूस तिथूनच हाताबाहेर गेला.

३. सदर लेन्सला जवळचे दिसत नाही. बाळाचा फोटो काढायचा तर मला बाळ घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे लागेल. ही माझी कल्पना नसून याची रंगीत तालीम झालेली आहे. मी शिवलेली कुंची यांनी एका भोपळ्याला घातली, तो भोपळा माझ्या कडेवर दिला आणि मला शेजाऱ्यांच्या गोठ्यापाशी उभे केले. वर 'जरा हस की' अशी सूचना केली. म्हशीने कुंची ओढली. माझ्या सासूबाई बनुबाई ओट्यावरून सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आरं जयराज, नातवंडाला बघाय निघालायस का वाघाच्या शिकारीला?" यांनी त्यांचाही फोटो काढला.

४. विमानात माणशी ठराविक वजनाच्याच बॅगा नेता येतात. यांची बॅग तिपाई, बॅटऱ्या, काचा पुसायची फडकी आणि पावसातले कॅमेऱ्याचे रेनकोट यांनीच भरली. स्वतःला एक स्वेटर घेतलेला नाही, कॅमेऱ्याला मात्र दोन रेनकोट आहेत. मग मोर्चा माझ्या बॅगेकडे वळला. तीत लेकीचा बाळंतविडा होता : डिंकाचे लाडू, खारकेची पूड, अळीव, बाळंतशेपा. भावकीतल्या बेदाण्याच्या शेडवरच्या काट्यावर बॅगा तोलताना वजन जास्त भरले, तेव्हा यांनी लाडवांचा डबा बाहेर काढला आणि लेन्स आत घातली. शिवाय लेन्सला धक्का लागू नये म्हणून, सासूबाईंनी आपल्या मऊ लुगड्याची बाळासाठी शिवलेली गोधडी यांनी तिच्याभोवती गुंडाळली. ऐंशी पार केलेल्या बाईने डोळ्यांना जवळचे धड दिसत नसताना घातलेले टाके आहेत ते. मला या माणसाची शिसारी आली.

५. हा घरचा प्रश्न आपल्याकडे का, असे आपणांस वाटेल. तर सदर कर्मचारी घरात कोणाचेही ऐकत नाहीत, परंतु आजवर त्यांनी वरिष्ठांचा लेखी आदेश कधी मोडलेला नाही. आपण बदलीचा कागद दिला तर ते चपला न घालता निघतील. बायकोला मात्र कागदावर शेरा मारायचा अधिकार नाही.

६. संयोगिताच्या लग्नात पाठवणीच्या वेळी लेक गाडीशी उभी राहून बापाला शोधत होती. "बाबा कुठं हायत?" असे तिने मला विचारले, मामाला विचारले, ड्रायव्हरलाही विचारले. बाबा रस्त्याच्या पलीकडे लेन्स बदलत होते. गाडी गेली. लेकीला बापाच्या गळ्यात पडता आले नाही आणि फोटो आला तो गाडीच्या धुरळ्याचा. याबद्दल मी यांना माफ केलेले नाही व करणारही नाही. परवा फोनवर लेकीने एवढेच सांगितले : "आई, फोटो आमी काढू. बाबांना म्हणावं, या वेळी मोकळ्या हातांनी या."

तरी विनंती की, रजा मंजुरीच्या आदेशात पुढील अट समाविष्ट करावी : लांब लेन्स व तिपाई कुंडल येथेच राहतील, लाडू पूर्ववत बॅगेत जातील, आणि नर्स बाळ बाहेर घेऊन येईल त्या वेळी सदर कर्मचाऱ्याचे दोन्ही हात रिकामे असतील. आम्ही गुरुवारी निघत आहोत. त्यापूर्वी आदेश व्हावा, कारण पहिले नातवंड पहिल्यांदा हातात एकदाच येते.

आपल्या एका शेऱ्याकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
सौ. दीपमाला जयराज सूर्यवंशी
कुंडल, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) डिंकाचे लाडू, नमुन्यादाखल. परत करू नयेत.
२) गाडीच्या धुरळ्याचा फोटो.
३) त्याच वेळी माझ्या बहिणीने मोबाइलवर काढलेला एक फोटो. यात आपले कनिष्ठ अभियंता रस्त्याच्या पलीकडे उभे आहेत. एका हातात कॅमेरा आहे, दुसऱ्या हातात लेन्स. डोळ्यांतले पाणी हनुवटीपर्यंत आले आहे आणि पुसायला हात नाही. संपूर्ण लग्नात ते दिसतात असा हा एकच फोटो आहे. काम झाल्यावर जपून परत द्यावा. मी तो यांना अजून दाखवलेला नाही.