अंतिम सामना आणि माझी देवदाराची कमान

प्रिय गार्लंड,

मोठ्या भावाचे धाकट्याला आशीर्वाद. तुझा गुडघा, नेल्डाचा रक्तदाब आणि घरामागची तुमची हिरवळ, तिन्ही ठणठणीत असतील असं धरून चालतो. (हिरवळीचं मुद्दाम विचारतोय.) इकडे आम्ही सगळे धडधाकट. फक्त तुझी वहिनी अर्लीन रविवारपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण कुत्र्याकडे बघून.

हे पत्र ओडेलच्या हाती देतोय. हा आपला सख्खा मामेभाऊ शनिवारी माझ्या मुलीच्या लग्नात दारात उभा राहून पाहुण्यांना जागा दाखवणार होता. आता तो त्याच शनिवारी अटलांटाला सामना बघणार आणि उतरणार तुझ्याकडे. वर मलाच म्हणतो, "हॉलिस, पोरीचं लग्न काय, आहेच रे. पण आपला संघ तिथं पुन्हा कधी पोहोचायचा?" पत्र मात्र न विसरता देईल. तेवढा तो प्रामाणिक आहे.

तर माझं असं अभ्यासपूर्ण मत झालंय की, कॉलेज फुटबॉलमधले गटागटांचे हे अंतिम सामने आता बंदच करावेत. देशातले बारा संघ पुढच्या फेरीत जाणार आहेत. आपला संघ त्यात जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. मग त्याच्या तोंडावर एकाच गटातल्या पहिल्या दोघांना पुन्हा एकमेकांच्या अंगावर सोडण्यात काय अर्थ? ऑक्टोबरात आपण त्या हिरवेवाल्यांना सतरा-चौदा हरवलं. ते हरवणं खोटं होतं का? आता जिंकलो तर जिंकलेलंच पुन्हा जिंकलो, आणि हरलो तर पोरांचे गुडघेही गेले आणि मानही गेला. हे मी चर्चच्या पायरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, मग पास्टर पर्विसनी विचारलं, "हॉलिस, तुझ्या गाडीत एक जागा आहे का रे अटलांटापर्यंत?" लग्न लावणारे तेच आहेत, गार्लंड!

तू आता गालात हसत असशील, की लग्नाची तारीख यानंच काढली. हो, मीच काढली. आपल्याकडे सामन्याच्या शनिवारी कोणी लग्न धरत नाही, आणि वेड (होणारे जावई) जानेवारीत नौदलाच्या जहाजावर जाणार. म्हणून मी तीस वर्षांचे निकाल काढून बसलो आणि सप्रमाण सिद्ध केलं की डिसेंबरच्या पहिल्या शनिवारइतका निर्धोक दिवस नाही, कारण त्या दिवशी अंतिम सामना असतो आणि तिथवर आपला संघ पोहोचतच नाही. गणित बरोबर होतं. संघ चुकला. (करवल्यांचे झगे हिरवे शिवलेत, तेही तेव्हाच. त्याबद्दल घरात कोणी काही काढत नाही.)

तुझं बरं आहे. तुझ्या लेकीचं लग्न एप्रिलमध्ये, तुमच्याच हिरवळीवर, मोगऱ्यासारखी हवा, अख्खा गाव लोटलेला. आजतागायत मला दुकानात कोणीतरी गाठून सांगतं, "काय लग्न केलं तुझ्या भावानं!" मी म्हणतो, हो ना. आणि नवरानवरी जिच्याखाली उभी राहिली ती तुझी कमान तर भाड्याची होती. (डावा खांब ओळंब्यात नव्हता. मी बोललो नाही.) माझी मी स्वतः केली, देवदाराची, एकही खिळा न मारता, कोणाकडे शिकायला न जाता. अर्लीन कुत्र्याला म्हणाली, "सांग त्यांना, बसा म्हणावं आता एकटेच कमानीखाली." आणि काल मेरिबेथ तिथं येऊन उभी राहिली, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "डॅडी, फार सुंदर झालीय. पण रिकाम्या खुर्च्यांमधून चालायचं नाही मला." मी रंधा मारत राहिलो. मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

असो. नेल्डाला नमस्कार. मला कोणाचा हेवा वगैरे वाटत नाही, हे तू जाणतोसच.

तुझा,
हॉलिस

ता. क. घाईत मुद्दा राहिला. शनिवारी सकाळी सामन्याला निघालेले माझे सगळे पाहुणे आधी तुझ्याच अंगणात जमून नेल्डाचं पुडिंग खात असणार. मग लग्नच तिकडे आणलं तर? अकराला लावू, सामना चारला आहे. खुर्च्या मात्र गॅरेजकडे पाठ करून मांड. तुझ्या हिरवळीला त्या बाजूला उतार आहे. (एप्रिलमध्ये मी तिथं फेऱ्या मारत होतो ते कौतुकानं नव्हे.) हो असेल तर मेरिबेथला तूच फोन कर आणि कल्पना तुझीच होती असं सांग. मी थोडा विरोध करीन. तिकडे लक्ष देऊ नकोस.

ता. क. २. मॅग्नोलियाची खालची फांदी छाटावी लागेल. माझी कमान तुझ्या कमानीपेक्षा उंच आहे.

ता. क. ३. ओडेल म्हणतो, तुझ्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे. अंतिम सामने बंद व्हावेत हे माझं मत कायम आहे. पुढच्या वर्षीपासून झाले तरी चालतील.